मुंबई बेटाच्या रक्षणाची योजना आखणारा जेराल्ड ऑन्जियर

वाचकहो, आपल्या घरी शाळेत जाणारे मूल असेल तर त्याच्या दप्तरातून नकाशाची वही काढा आणि मुंबईचा किनारा समोर धरा. आज आपणांस तेथे एक सलग चिंचोळी पट्टी दिसेल. पण तीनशे वर्षांपूर्वी ती तशी नव्हती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, वरळी, परळ आणि माहीम अशी सात बेटे होती. भरतीच्या वेळी वरळीजवळच्या मोठ्या खिंडारातून समुद्राचे पाणी आत शिरे व मधल्या सखल भागात पसरे. ओहोटी लागली की चिखल उरे, आणि चिखलातून रोगराई. नारळाच्या वाड्या, भातखाचरे, मिठागरे, कोळ्यांचे पाडे, माहीमला हजरत मखदूम अली माहिमींचा दर्गा आणि बंदरावर एक जुना पोर्तुगीज वाडा; मुंबई म्हणजे एवढेच होते. असले हे बेट परकी व्यापाऱ्यांच्या हातून निसटू नये म्हणून ज्याने रात्रंदिवस डोके चालविले, त्या जेराल्ड ऑन्जियरचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहे.

हा मनुष्य आपला नव्हे. परक्या कंपनीचा तो चाकर होता आणि त्याने जे केले ते त्या कंपनीच्या फायद्यासाठी केले. हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे. तरीही त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे, कारण त्या इतिहासात शिवाजी महाराज आहेत, जंजिऱ्याचे सिद्दी आहेत, भंडारी आणि कोळी आहेत. म्हणजे आपणच आहोत.

ऑन्जियर हा आयर्लंडमधील एका सरदार घराण्यातला. त्याचे आजोबा लाँगफर्डचे बॅरन होते व भाऊ पुढे तेथील अर्ल झाला. धाकट्या मुलांना घरच्या जहागिरीत वाटा नसे. त्यांनी सैन्यात, चर्चमध्ये नाहीतर व्यापारात नशीब काढावे अशी तेथली रीत होती. ऑन्जियरने ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरली आणि तो सुरतेच्या वखारीत आला. सुरत हे तेव्हा मोगलांचे सर्वांत मोठे बंदर. हाजींची जहाजे तेथूनच मक्केच्या वाटेला लागत. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा मोगल सुभेदार किल्ल्यात दडून बसला. सर जॉर्ज ऑक्झेंडनच्या हाताखालच्या मूठभर इंग्रजांनी मात्र वखारीच्या भिंतीवर तोफा चढवून आपला माल राखला. त्याबद्दल औरंगजेबाने त्यांना जकातीत सूटही दिली. परक्या राजाच्या बंदरात आपली मालमत्ता त्याच्या भरवशावर ठेवता येत नाही, हा धडा सुरतेच्या इंग्रजांना तेथे मिळाला. ऑन्जियरच्या पुढच्या साऱ्या कारभारात तो दिसतो.

मुंबई इंग्रजांकडे कशी आली, हे आपण शाळेत वाचलेच असेल. १६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा पोर्तुगालच्या कॅथरिनशी विवाह ठरला आणि आंदणात हे बेट आले. पण आंदण कागदावर मिळणे वेगळे आणि ताब्यात येणे वेगळे. सर अब्राहम शिपमन सैन्य घेऊन आला, तेव्हा गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने बेट देण्याचे नाकारले. शिपमनच्या चारएकशे शिपायांना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर दिवस काढावे लागले. तेथे ताप आणि उपासमार यांनी शिपमनसह बहुतेक सारे मेले. १६६५ च्या फेब्रुवारीत हम्फ्री कुक याने मुंबई ताब्यात घेतली, तेव्हा त्याच्यापाशी शंभराच्या आसपास माणसे उरली होती. राजालाही हे बेट परवडेना. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीच्या गळ्यात घातले. पुढच्या वर्षी ऑक्झेंडन वारला आणि १६६९ च्या जुलैत ऑन्जियर सुरतेचा प्रेसिडेंट व मुंबईचा गव्हर्नर झाला. तेव्हा त्याचे वय तिशीच्या आसपास असावे.

आता आपण त्याच्या जागी बसून पाहा. उत्तरेला वांद्रे, साष्टी आणि ठाणे येथे पोर्तुगीज. त्यांना बेट गेल्याचा राग होताच. ठाण्याच्या खाडीतून कल्याणकडे जाणाऱ्या होड्यांवर ते जकात घेत, म्हणजे त्यांनी मनात आणले तर मुंबईचे धान्य अडत असे. पूर्वेला समोरच्या किनाऱ्यावर कल्याण, पेण, नागोठणे हा मुलूख शिवाजी महाराजांच्या अंमलाखाली. मुंबईत जळणाचे लाकूड, भात, कोंबड्या, गुरे हे सारे तिकडून येई. दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी. तो मोगलांचा आरमारप्रमुख झाल्यामुळे त्याच्या पाठीशी औरंगजेब उभा. आणि कंपनीचा मुख्य व्यापार तर औरंगजेबाच्याच सुरतेत. शिवाय समुद्रावर डच. मलबार आणि सिंहलद्वीप येथून पोर्तुगीजांना हुसकून लावलेले हे डच तेव्हा पूर्वेकडील सागरात सर्वांत जबरदस्त होते. या चौघांपैकी कोणा एकाशी मैत्री केली की दुसरा शत्रू झालाच. हाताशी फौज म्हणावी तर तापाने खंगलेले काही शिपाई. पैसा म्हणावा तर लंडनच्या संचालकांच्या कुलुपात, आणि त्यांचे पत्र येण्यास सहा-आठ महिने लागत.

बेटाचे रक्षण म्हणजे फक्त तट आणि तोफा, असे ऑन्जियरने मानले नाही. त्याचा मोठेपणा मला तरी येथे दिसतो. ओसाड बेटावर कितीही उंच तट बांधला, तरी त्यावर उभी राहण्यास माणसे हवीत, माणसांना धान्य हवे आणि धान्याला पैसा हवा. म्हणून तो दोन्ही टोकांनी कामाला लागला.

बंदरावरचा पोर्तुगीज वाडा, जेथे पूर्वी गार्सिया द ओर्ता हा प्रसिद्ध वैद्य राहत असे, त्याच्याभोवती बुरुजांचा किल्ला उभा राहू लागला. आज टाउन हॉलच्या मागे नौदलाचे ‘आंग्रे’ हे ठाणे आहे, तीच ही जागा. पण फक्त किल्ला राखला तर वस्ती उघडी पडते, हे ऑन्जियरने जाणले होते. डोंगरीपासून मेंढम्स पॉइंटपर्यंत, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या परिसरापर्यंत, साऱ्या नगराला तट घालावा अशी योजना त्याने मांडली. बेटाच्या दुसऱ्या टोकांना माहीम, शीव, माझगाव, वरळी येथे चौक्या असाव्यात, म्हणजे खाडी ओलांडून कोणी आले तर आधी कळेल, असाही त्याचा विचार होता. शीवच्या टेकडीवरचा किल्ला त्याच्याच कारकिर्दीतला मानला जातो. आपण कधी शीव स्टेशनवरून त्या टेकडीवर चढला असाल, तर तेथून खाडी कशी नजरेच्या टप्प्यात येते हे आपल्या ध्यानात आले असेल. संचालकांना मात्र नगराच्या तटाचा खर्च ऐकूनच धडकी भरली. ते दर पत्रातून काटकसरीचा उपदेश करीत. चौक्या राहिल्या, किल्ला वाढला, पण नगराचा तट कागदावरच राहिला. याचा परिणाम काय झाला ते पुढे येईलच.

माणसांचा प्रश्न त्याने ज्या रीतीने सोडविला, ती अधिक महत्त्वाची आहे. पोर्तुगीज अंमलात येथील वाड्या व शेते जमीनदारांकडे होती. कुक आणि त्याच्यामागून आलेल्यांनी त्यांतल्या बऱ्याच जमिनी कागद नाहीत म्हणून जप्त केल्या. जमीनदार चिडले. चिडलेला जमीनदार शत्रू किनाऱ्याला लागला तर कोणाच्या बाजूने उभा राहणार? १६७२ मध्ये ऑन्जियर मुंबईत येऊन राहिला आणि त्याने सर्वांना एकत्र बोलावून एक करार केला. जमीनदारांनी मिळून दरसाल वीस हजार झेराफिन, हे पोर्तुगीज नाणे होते, कंपनीस द्यावेत. त्याबदल्यात त्यांच्या जमिनी कायम त्यांच्या. बेटाच्या रक्षणासाठी त्यांनी माणसेही द्यावीत. १६७४ मध्ये हा करार पक्का झाला. ज्याची जमीन बेटावर आहे तोच बेटासाठी लढेल, असा त्यामागचा साधा हिशेब होता.

अशा तऱ्हेने मुंबईचे लोकदल उभे राहिले. त्यात ख्रिस्ती झालेले स्थानिक लोक होते, ज्यांना तोपास म्हणत असे मिश्र वंशाचे बंदुकधारी होते आणि सोटे व इतर हत्यारे घेतलेले भंडारी होते. माडांच्या बनात शिरलेल्या शत्रूला गाठण्यात ताडी काढणाऱ्या भंडाऱ्याचा हात कोणी धरावा? डॉक्टर जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७३ च्या डिसेंबरात मुंबईत आला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात किल्ल्यावर १२० तोफा, सुमारे ३०० इंग्रज आणि ४०० तोपास असल्याचे लिहिले आहे. भंडारी व इतर धरून एकूण संख्या पंधराशेपर्यंत जाई आणि त्यात इंग्रज केवळ एकपंचमांश, असा त्याचा अंदाज आहे. भंडाऱ्यांना सक्तीने भरती केल्याचेही तो लिहितो. म्हणजे इंग्रजांचे बेट राखले ते मुख्यतः येथल्याच लोकांनी, आणि तेही सारे राजीखुशीने नव्हे. शाळेच्या पुस्तकांत ही गोष्ट फारशी येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

वस्ती वाढविण्यासाठी त्याने बाहेरच्या व्यापाऱ्यांना बोलावले. न्यायालय उघडले, टाकसाळ सुरू केली. प्रत्येक जातीजमातीने आपापले तंटे आपल्या पंचांमार्फत मिटवावेत अशी व्यवस्था लावली. प्रत्येकाला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली. गोव्याकडील धर्मन्यायालयाच्या जाचाला कंटाळलेल्या लोकांना हे मोठेच आकर्षण होते. गुजराती वाणी, पारशी, आर्मेनियन, मुसलमान व्यापारी येऊ लागले. दीवचा निमा पारख नावाचा व्यापारी १६७७ मध्ये धर्माचरणाच्या हमीसह रीतसर कलमे लिहून घेऊनच आला. ऑन्जियरच्या काळात लोकसंख्या दहा हजारांवरून साठ हजारांवर गेली असे सांगतात. हा आकडा मला थोडा फुगविलेला वाटतो, पण वाढ झाली हे खरे.

त्याच्या योजनेची परीक्षा लवकरच झाली. १६७२ मध्ये युरोपात इंग्रज आणि डच यांचे युद्ध पेटले. १६७३ च्या फेब्रुवारीत रिक्लॉफ व्हान गोएन्स हा डच सेनापती बावीस जहाजांचे आरमार घेऊन मुंबईसमोर आला. किल्ला अर्धवट, पूर्वी सांगितलेला तट नाहीच. व्हान गोएन्सने शिवाजी महाराजांकडेही संधान बांधले. तुम्ही तीन हजार माणसे द्या, मी मुंबई घेतो. मग माझी जहाजे जंजिरा जिंकण्यास तुमच्या मदतीला, असा सौदा होता. जंजिरा हे महाराजांच्या मनातले मोठे शल्य. तरी त्यांनी हा सौदा स्वीकारला नाही. दुबळ्या इंग्रजांपेक्षा बलाढ्य डच शेजारी म्हणून अधिक घातक, हे त्यांनी ओळखले असावे. इकडे ऑन्जियरने लोकदल बाहेर काढले, तोफा किनाऱ्याला आणल्या आणि स्वतः जागोजाग फिरून माणसांना धीर दिला. जमीनदारांनी कराराप्रमाणे साथ दिली. डचांनी बेटाचा रंग पाहिला, पण सैन्य उतरविले नाही आणि आरमार परत फिरले. डच काही भित्रे नव्हते. त्याच वर्षी त्यांनी मछलीपट्टणजवळ इंग्रजांच्या जहाजांना समुद्रात चांगलाच मार दिला. मुंबई वाचली ती तयारी दिसली म्हणून, आणि काही अंशी महाराजांनी नकार दिला म्हणूनही.

सिद्दीचा प्रश्न याहून नाजूक होता. पावसाळ्यात कोकणचा समुद्र खवळतो, आणि जहाजांना सुरक्षित बंदर लागते. मुंबईसारखे बंदर जवळ दुसरे नाही. सिद्दीचे आरमार पावसाळा काढण्यास मुंबईत येऊ पाही. नाही म्हणावे तर सुरतेचा मोगल सुभेदार वखारीचे दार बंद करणार. हो म्हणावे तर सिद्दीची माणसे होड्यांतून पेण-नागोठण्याच्या खाड्यांत शिरून महाराजांची गावे जाळणार, आणि महाराज मुंबईचे लाकूड-धान्य तोडणार. १६७३ च्या ऑक्टोबरात असे झालेच. १६७४ च्या एप्रिलात तर सिद्दी संबळने शीवजवळ माणसे उतरवून लोकांची घरे बळकावली. तेव्हा ऑन्जियरच्या सैन्याने त्यांना हुसकून लावले. शेवटी असे ठरले की एका वेळी तीनशेहून जास्त सिद्दी जमिनीवर येऊ नयेत आणि तलवारीखेरीज हत्यार आणू नये. ना धड हाकलणे, ना धड आश्रय देणे. कोणाला ही कमजोरी वाटेल. पण या सिद्दींना आपण सामान्य समजू नये. हबशी वंशाच्या या दर्यावर्दींनी जंजिऱ्यासारखा पाण्यातला किल्ला कोणाच्याही हाती लागू दिला नाही. बेटाचे रक्षण कसे करावे हे तर त्यांच्याकडूनच शिकावे. त्यांच्याशी उघड युद्ध पुकारणे ऑन्जियरला झेपणारे नव्हते.

महाराजांशीही त्याने सलोख्याचाच मार्ग धरला. १६६१ मध्ये राजापूरची वखार मराठ्यांनी लुटली होती, तिच्या भरपाईचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले होते. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा ऑन्जियरने हेन्री ऑक्झेंडनला नजराणा देऊन पाठविले. दुभाषी म्हणून नारायण शेणवी होता. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत तह झाला. राजापूरची भरपाई कबूल झाली. राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथे वखारींना परवानगी मिळाली. इंग्रजी नाणे आपल्या मुलखात सक्तीने चालविण्याची मागणी मात्र महाराजांनी मान्य केली नाही. ज्याचा कस चांगला ते आपोआप चालेल, अशी त्यांची भूमिका होती. समोरच्या किनाऱ्याचे धान्य मुंबईस येत राहिले. माझ्या मते हा तह ऑन्जियरच्या साऱ्या तोफांहून बेटाच्या अधिक उपयोगी पडला.

एवढे सारे चालले असता त्याच्याच शिपायांनी त्याला धक्का दिला. १६७४ मध्ये कॅप्टन शॅक्सटनच्या तुकडीने बंड केले. पगार अपुरा, महागाई वाढलेली, घरून निघताना दिलेली वचने पाळली गेली नाहीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या, आणि त्या सर्वस्वी खोट्या नव्हत्या. ऑन्जियरने काही मागण्या मान्य केल्या, पण बंडाला क्षमा केली नाही. फेक नावाच्या कॉर्पोरलला गोळी घालण्यात आली आणि शॅक्सटनला इंग्लंडला रवाना केले. संचालकांनी आखडलेल्या हाताची किंमत एका गरीब शिपायाने दिली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

मुंबईच्या हवेने ऑन्जियरची प्रकृतीही ढासळली. १६७५ मध्ये तो सुरतेस परत गेला आणि ३० जून १६७७ रोजी तेथेच वारला. वय चाळिशीच्या आतबाहेर. कंपनीचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस न्यावे असे त्याचे मत होते. ते त्याच्या मागे दहा वर्षांनी, १६८७ मध्ये अमलात आले.

तो गेला आणि संचालकांच्या काटकसरीला मोकळे रान मिळाले. सैन्य कमी केले, पगार कापले. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी बंदराच्या तोंडावरचे खांदेरी बेट बांधून काढले आणि इंग्रजांना ते थोपविता आले नाही. १६८३ मध्ये कॅप्टन केग्विनने कंपनीविरुद्ध बंड करून सारी मुंबईच ताब्यात घेतली. पुढे सर जॉन चाइल्डने मोगलांशी नको ते भांडण उकरून काढले, आणि १६८९ च्या फेब्रुवारीत सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला. माझगाव गेले, माहीम गेले. नगराला तट नव्हताच. इंग्रज ऑन्जियरच्या किल्ल्यात कोंडून पडले आणि बाहेर सारे बेट सिद्दीच्या हाती राहिले. अखेर कंपनीने औरंगजेबाकडे वकील पाठवून माफी मागितली आणि दीड लाख रुपये दंड भरला. तेव्हा कोठे १६९० च्या जूनमध्ये याकूतखान निघून गेला.

ऑन्जियरने सुचविलेला नगराचा तट चार्ल्स बून गव्हर्नर असताना, म्हणजे १७१५ नंतर, उभा राहिला. त्याला अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन दरवाजे होते. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली, तेव्हा घाबरलेल्या मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी गोळा करून तटाभोवती खंदक खणविण्यास हातभार लावला. हा तट पुढे १८६० नंतरच्या दशकात, बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत पाडण्यात आला. चर्चगेट स्टेशनला आज जे नाव आहे, ते त्या तटातल्या एका दरवाजाचे.